भरवशाचं कार्ड

आमच्या ह्यांना कुणी ‘गाडी सांभाळून चालवा’ म्हटलेलं खपत नाही. शेषेरावांनी तीसेक वर्षं एसटी चालवली. मुखेड डेपोतून काढलेली गाडी लातूर, नांदेड, पार हैदराबादपर्यंत नेली आणि कुणाच्या कोंबडीलाही धक्का लावला नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळाला, तो शोकेसमध्ये माझ्या आदर्श शिक्षिका पुरस्काराच्या पुढे उभा असतो. मी दिवाळीच्या साफसफाईत तो मागे सरकवते. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पुढे आलेला असतो.

तर अशा माणसाची गाडी लातूरला, पोराच्या अपार्टमेंटमध्ये, पार्किंगच्या खांबाला घासली. मोठं काही नाही, डाव्या दारावर एक ओरखडा. पण शिवशंकरनं, म्हणजे आमच्या मुलानं, वरून गॅलरीतून ते पाहिलं. तो लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं. जेवताना त्यानं विषय काढला. अप्पांचं वय झालं, आता गाडी बंद करावी, लागेल तेव्हा ड्रायव्हर सांगावा, असं त्याचं म्हणणं. ह्यांचा घास हातातच राहिला.

बाहेरच्या माणसाला ही साधी गोष्ट वाटेल. पण ती पांढरी गाडी म्हणजे आम्हा दोघांचं निवृत्तीनंतरचं सगळं आयुष्य आहे. माझी बहीण सिंधु भोकरला, नणंद शिरूर अनंतपाळला, पोरगा लातूरला. लग्न, बारसं, जत्रा, काही चुकवायचं नाही आणि मनात आलं की निघायचं. गाडी बंद म्हणजे हे दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या एसट्यांना नावं ठेवणार, आणि मी ती ऐकणार. मला दोन्ही नको होतं.

शेवटी तडजोड निघाली. गाडीत पुढच्या काचेला कॅमेरा लावायचा. लग्नसराई संपली की सगळ्यांनी बसून त्यातलं चित्रण बघायचं. ह्यांची एक जरी चूक दिसली तर गाडी बंद, नाही दिसली तर पोरानं पुन्हा तो विषय काढायचा नाही. हे लगेच म्हणाले, “लाव. मला कुणाची भीती हाय?” कॅमेरा शिवशंकरनंच आणून बसवला. त्यात घालायचं मेमरी कार्ड तेवढं आम्ही मुखेडला घ्यावं असं ठरलं, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

आमच्या आठवडी बाजारात भाजीच्या रांगा संपल्या की चार्जर, बॅटऱ्या, मोबाइलची कव्हरं विकणारे बसतात. तिथे एका पोत्यावर कार्डं मांडलेली होती. त्यातल्या एकावर एक हजार जीबी असं छापलेलं. हे खूश झाले. दुकानातल्या कार्डांवर चौसष्ट न् एकशे अठ्ठावीस लिहिलेलं, आणि इथे सरळ हजार, तेही मेथीच्या जुड्या घेता घेता. मी म्हटलं, अहो, एवढं स्वस्त कसं? तर म्हणाले, दुकानदाराला भाडं असतं, ह्याला कुठं हाय. भाजीच्या बाबतीत हे बरोबर आहे. म्हणून मीही गप्प बसले.

महिनाभरानं शिवशंकर घरी आला आणि त्यानं ते कार्ड लॅपटॉपमध्ये घातलं. त्यात पहिल्या दोन दिवसांचं चित्रण होतं. पुढच्या फायलींची नावं होती, पण एकही उघडेना. पोरगा म्हणाला, हे बनावट आहे, आत जागा थोडीशीच, पण कॅमेऱ्याला खोटं सांगतं की खूप आहे. कॅमेरा बिचारा लिहीत बसतो आणि ते कुठंच जात नाही. एवढं बोलून तो थांबला असता तर बरं झालं असतं. पण जाता जाता त्यानं हसत विचारलं, “अप्पा, तुम्हीच तर पुसलं नाही ना?”

तो थट्टेत बोलला होता, पण हे दोन दिवस त्याच्याशी फोनवर बोलले नाहीत. मलाही पोराचा राग आला. कार्ड खोटं निघालं आणि खोटे ठरले हे. त्या दिवसापासून ह्यांच्या लेखी कार्डाचा प्रश्न इज्जतीचा झाला.

दुसरं कार्ड आमच्या जुन्या मोबाइलमधलं होतं. अस्सल होतं, त्यात नातवाचे फोटो कितीतरी वर्षं सुखरूप राहिले होते. फोटो काढून घेतले आणि ते कॅमेऱ्यात बसवलं. मे महिन्यात शिरूर अनंतपाळला नणंदेच्या घरचं लग्न होतं. गाडी मांडवाबाहेर उन्हात दिवसभर उभी. परत निघताना कॅमेरा टुंग टुंग वाजायला लागला, आणि पडद्यावर कार्ड नाही असं दिसायला लागलं. कार्ड तर आतच होतं. काढून बघितलं तर चहाच्या कपासारखं गरम. त्यानंतर ते कशातच उघडलं नाही.

ह्या वेळी शिवशंकर काही बोलला नाही. न बोलणं जास्त टोचलं. सूनबाई शिल्पानं मात्र फोनवर मला नीट समजावलं. मोबाइलमध्ये आपण अधूनमधून एखादा फोटो ठेवतो. गाडीतला कॅमेरा गाडी चालू आहे तोवर सारखा लिहीत असतो, आणि जागा भरली की जुनं पुसून त्यावरच नवं लिहितो. मला शाळा आठवली. मोबाइलमधलं कार्ड म्हणजे वही, आणि हे कार्ड म्हणजे पाटी. वहीच्या कागदावर रोज लिहून रोज खोडलं तर तो फाटणारच. ह्यांनाही मी तसंच सांगितलं. ह्यांना पटलं, पण मास्तरणीचं पटलं असं कबूल करायची आमच्यात पद्धत नाही. “मला ठाव होतं,” म्हणाले.

तिसरं कार्ड घ्यायला आम्ही नांदेडला गेलो. दुधानं तोंड पोळलं होतं, म्हणून हे आधी दुकानात गेलेच नाहीत. गाडी सरळ भाड्याच्या गाड्यांच्या अड्ड्यावर नेली. एसटीतली जुनी रीत आहे ही. टायर चांगलं कोणतं ते विकणाऱ्याला विचारायचं नाही, ज्याची गाडी त्याच टायरवर रोज पळते त्याला विचारायचं. तिथे चार-पाच गाड्यांना कॅमेरे होते. एकानं सांगितलं, पाकिटावर ‘हाय एन्ड्युरन्स’ असं लिहिलेलंच घ्या, ते कॅमेऱ्यासाठीच असतं, उन्हातही टिकतं आणि किती तास चित्रण झेपतं तेही पाकिटावर छापलेलं असतं. दुसरा म्हणाला, जीबीच्या आकड्याला भुलू नका, पक्कं बिल घ्या, आणि घरी नेल्यावर आधी काठोकाठ भरून बघा, मग सगळं परत उघडतं का ते तपासा. तिसऱ्यानं चहा पाजला.

दुकानात गेल्यावर ह्यांनी दुकानदाराला एकच प्रश्न विचारला, खराब निघालं तर परत घेणार कोण? त्यानं कंपनीची वॉरंटी दाखवली, आपला शिक्का मारून दिला. मग कार्ड कॅमेऱ्यात घालून आम्ही मुद्दाम लांबच्या वाटेनं घरी आलो, आणि रात्री शेजारच्या बालाजीच्या कॉम्प्युटरवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं उघडून पाहिलं. नांदेडपासून मुखेडपर्यंतचा रस्ता पुन्हा एकदा. बालाजी मधेच झोपला. ह्यांनी एक फाटा वगळू दिला नाही.

“हे इमानदार हाय,” शेवटी म्हणाले. एवढं कौतुक ह्यांनी माझ्या पुरणपोळीचं केलेलं नाही.

पुढचा महिना छान गेला. लग्नं उरकली, आंबे आले, भोकरला सिंधुकडे आठवडाभर राहिलो. एकदा लातूरला पोचायला बराच उशीर झाला, कारण चाकूरच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं. म्हणजे तसं हे म्हणाले. मी आदल्या रात्री सिंधुच्या दिराच्या घरी लग्नाच्या चुलीपाशी जागलेली, त्यामुळे वाटेत डुलकी लागली होती आणि मला ते काम काही दिसलं नाही.

मग ठरल्याप्रमाणे आम्ही लातूरला जमलो. दुपारची जेवणं झाली, शिवशंकरनं कार्ड लॅपटॉपला लावलं आणि लॅपटॉप टीव्हीला. हे मांडी घालून पुढे बसले. नवा शर्ट घातला होता. शोकेसमधला बिल्ला लावला नव्हता हेच नशीब.

कार्डातल्या एका खणात रोजचं चित्रण होतं. दुसऱ्या खणाचं नाव होतं ‘इमर्जन्सी’, म्हणजे आणीबाणी. शिवशंकर म्हणाला, गाडीला धक्का बसला की कॅमेऱ्याला वाटतं अपघात झाला, मग तेवढा तुकडा तो इकडे कुलूप लावून ठेवतो, तो पुसला जात नाही. त्यानं तो खण उघडला आणि पोराचा चेहराच बदलला. खण गच्च भरलेला होता. खाली ढकलत गेला तरी तुकडे संपेनात.

“अप्पा,” तो म्हणाला, “हे काय हाय?”

  एवढे धक्के आम्ही दोघांनी खाल्ले आणि आम्हालाच पत्ता नाही, असं कसं? शिल्पानं त्याच्या हातातून माउस घेतला आणि पहिला तुकडा लावला. आमच्या घराचं फाटक दिसलं. खट् खट् असा आवाज आला आणि गाडी निघाली. दुसऱ्या तुकड्यात भोकरच्या घरासमोर खट् खट्, गाडी निघाली. तिसऱ्यात एकच खट्, आणि गाडी उसाच्या रसाच्या गाड्यापाशी थांबली. शिल्पा माझ्याकडे बघून हसायला लागली.

ती खट् खट् करणारी मी होते. आता हे सांगायला हवं की ह्यांना कंडक्टरच्या बेलशिवाय गाडी हलवता येत नाही. निवृत्तीनंतर पहिल्याच दिवशी स्वतःच्या गाडीत बसले आणि नुसतेच बसून राहिले. मी म्हटलं काय झालं? तर म्हणाले, डबल बेल दे की. तेव्हापासून मी पुढच्या डॅशबोर्डवर अंगठीनं दोनदा ठोकते तेव्हा आम्ही निघतो, आणि एकदा ठोकते तेव्हा थांबतो. कॅमेरा तिथेच वर, काचेला चिकटवलेला. माझ्या प्रत्येक बेलला तो अपघात समजत होता.

सगळे पोट धरून हसले. शिवशंकरही. हे मात्र ताठ बसून म्हणाले, बघ, बेलबिगर गाडी हालवली न्हाई, नियम म्हणजे नियम.

पण शिल्पा हसता हसता थांबली. ती तुकडे पुढे बघत होती, आणि आता तिचं लक्ष चित्राकडे नव्हतं, आवाजाकडे होतं. माझ्या आवाजाकडे. मला वाटत होतं मी गाडीत इकडच्या तिकडच्या गप्पा मारते. टीव्हीवर मात्र मी म्हणत होते, समोर म्हैस हाय. डावीकडून मोटरसायकल आली. पुढं खड्डा, मोठा. ट्रक थांबलाय, लाइट न्हाई त्याला. आता जाऊ द्या, रिकामं हाय. एका पाठोपाठ एक. आणि प्रत्येक वेळी मी बोलल्यावर गाडी वळत होती, थांबत होती, निघत होती. मी बोलायच्या आधी नाही.

शिवशंकरच्याही ते लक्षात आलं.   माझी समजूत अशी की मी कटकट करते. हेही चारचौघांत तसंच सांगायचे, आमची ही उंटावरून शेळ्या हाकते म्हणून. गंमत म्हणून चाललेलं होतं सगळं. गाडी माझ्याच डोळ्यांनी चालत होती हे मला माहीत नव्हतं.

“ज्यात माय बोलत न्हाई असं एखादं बघू,” शिवशंकर हळूच म्हणाला. त्याचा आवाज कठोर नव्हता, पण तो चूक शोधायला बसला होता आणि त्याला ती सापडत चालली होती. त्यानं चाकूरच्या दिवसाचं चित्रण लावलं. मी बराच वेळ गप्प होते. मग माझं घोरणं ऐकू यायला लागलं. सुनेसमोर, एवढ्या मोठ्या टीव्हीवर. गाडीचा वेग कमी होत गेला. बैलगाडीइतका झाला. मग गाडी एका बाभळीजवळ रस्त्याच्या कडेला उतरून थांबली. दार उघडल्याचा आवाज आला, हे काचेसमोर येताना दिसले, आणि एकाएकी पडदा काळा झाला.

“कार्ड गेलं वाटतं,” शिवशंकर म्हणाला.

“कार्ड गेलं न्हाई,” हे म्हणाले. “बंद कर ते आता. लई झालं.”

पण शिल्पानं बंद केलं नाही, कारण आवाज चालू होता. माझं घोरणं, आणि त्यामागे इंजिनाची घरघर. सिग्नललासुद्धा इंजिन बंद करणारा माणूस, डिझेल वाचवायला, आणि इथे गाडी उभी असून इंजिन चालू. मग माझ्या ध्यानात आलं, एसी बंद पडू नये म्हणून. आणि काळं म्हणजे मागच्या सीटवरची सोलापुरी चादर. ऊन माझ्या तोंडावर येत होतं, ती ह्यांनी बाहेरून काचेवर पसरली होती. रस्त्याचं काम वगैरे काही नव्हतंच.

काळ्या पडद्यावर बराच वेळ नुसता आवाज. मग दार लागल्याचा, म्हणजे हे परत आत येऊन बसल्याचा, आणि नंतर एक एसटी जवळ येऊन थांबल्याचा, ह्यांनी काच खाली केल्याचा आवाज आला. केरबाचा आवाज मी लगेच ओळखला. तो ह्यांच्या हाताखाली शिकलेला, अजून नोकरीत आहे.

“काय दादा, गाडी बंद पडली का?”

“गाडी ठणठणीत हाय. कंडक्टर झोपली हाय आमची.”

केरबा हसला. “मंग उठवा की.”

“रातभर जागी होती. झोपू दे.”

“मंग सावकाश हाका तुमी. रोड मोकळा हाय.”

  मग हे खालच्या आवाजात, पण कार्डावर अगदी स्वच्छ उमटलेलं, “न्हाई केरबा. हिच्याबिगर मला नीट दिसत न्हाई आता. कुणाला बोलू नको. पोरगं गाडी बंद करंल.”

शिल्पानं आता थांबवलं. हे खाली चटईकडे बघत होते. मला आधी ह्यांचा भयंकर राग आला, सांगायला काय झालं होतं म्हणून. मग माझाच आला, शेजारी बसून कळलं कसं नाही म्हणून. आणि मग राग कुठे गेला कोण जाणे, मी पदर डोळ्यांना लावला.

हेच पहिल्यांदा बोलले. पोराकडे न बघता म्हणाले, “शब्द दिला व्हता. बंद करतो गाडी.”

शिवशंकर उठून ह्यांच्याजवळ जमिनीवर बसला. लहानपणी एसटीच्या बॉनेटवर बसायचा तसा, अगदी चिकटून. म्हणाला, “अप्पा, मी चूक बघायला बसलो होतो. ह्यात चूक कुठं हाय?”  थोड्या वेळानं शिल्पानंच डोळ्यांच्या दवाखान्याला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे गेलो. डॉक्टर अगदी तरुण होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एकात चांगलाच पिकलेला. काळजीचं काही नाही, एकेक करून काढू, म्हणाले. ह्यांनी मान हलवली. ह्यांना जे विचारायचं होतं ते ह्यांच्या तोंडातून निघत नव्हतं, मला दिसत होतं. मीही विचारायला घाबरत होते.

विचारलं शिवशंकरनं. “डॉक्टर, ऑपरेशननंतर अप्पांना गाडी चालवता येईल ना?”

ज्यानं गाडी बंद करायचं काढलं होतं, तोच विचारत होता. एवढ्या महिन्यांत मला पोराचा इतका लोभ वाटला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, न यायला काय झालं, चांगलं स्वच्छ दिसेल, आजींना आता शेजारी बसून काही सांगावं लागणार नाही. शिल्पानं त्यांना आधीच सगळं सांगून ठेवलेलं दिसत होतं.

ह्यांनी डॉक्टरांकडे अशा नजरेनं बघितलं की जणू त्यांनी भलताच डोळा तपासला.

“तुमी माझे डोळे नीट करा, डॉक्टरसाहेब,” हे म्हणाले. “गाडीत कोण बसंल ते आमी बघू.”